पंचमावरून षड्जावर

ताशी २४५ किलोमीटर वेगाने एखादी गाडी जवळून निघून गेली, तर तिच्या इंजिनाचा सूर पंचमावरून षड्जावर उतरतो. गाडी कोणत्या कंपनीची, इंजिनाला सिलिंडर किती, चालवतंय कोण, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. वेग २४५ असला की प आणि सा. कागदावर हे गणित दोन ओळींत सुटतं. पण ऐकावं ते जंगलातल्या रस्त्याकडेला, रेसच्या गाड्या एकामागून एक जात असताना, आणि शेजारी सुरांचा पक्का कान असलेलं कुणी उभं असताना. मी ते आईच्या शेजारी उभा राहून ऐकलं. तेव्हापासून मोटार रेसिंगमध्ये एवढं काय आहे असं कुणी विचारलं, की मी आधी हेच सांगतो.

जागा बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोर्शां सर्किट. आम्ही सीमेपलीकडे जर्मनीत, आखेनला राहतो. तिथून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. आई साताऱ्याहून आली होती. तिने शाळेत अनेक वर्षं संगीत शिकवलं आणि भजनी मंडळात आजही पेटी वाजवते. बायकोला रेसिंगचं फारसं वेड नाही, लेकीला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. अशा घराला घेऊन जायचं तर मी फॉर्म्युला वनपेक्षा स्पाची चोवीस तासांची शर्यत निवडतो. फॉर्म्युला वनची शर्यत दोन तासांच्या आत आटोपते आणि बहुतेक माणसं आपल्या ठरलेल्या खुर्चीवरून ट्रॅकचा एकच तुकडा पाहतात. इथे शनिवारी दुपारी सुटलेल्या गाड्या रविवारी दुपारपर्यंत धावत राहतात, आणि तेवढ्या वेळात डबा-पाणी पाठीला लावून, झाडीतल्या वाटांनी, या वळणावरून त्या वळणावर खुशाल हिंडता येतं. तंबू ठोकून राहिलेली कुटुंबं ठिकठिकाणी दिसतात. शर्यतीच्या आधी तर या गाड्या चक्क साध्या रस्त्यावरून मिरवत स्पा गावात जातात आणि पोरं कडेला उभी राहून हात हलवतात.

ही शर्यत पहिल्यांदा झाली १९२४ साली. तेव्हाचं सर्किट म्हणजे फ्रँकोर्शां, माल्मेदी आणि स्ताव्हलो या गावांना जोडणारे नेहमीचे रस्ते. एक फेरी जवळजवळ १५ किलोमीटरांची. आजचा ट्रॅक ७.००४ किलोमीटरांचा आहे, तरीही फॉर्म्युला वनच्या सगळ्या सर्किटांत सर्वांत लांब तोच. चोवीस तासांच्या शर्यतीत धावतात त्या जीटी३ वर्गाच्या गाड्या: पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ॲस्टन मार्टिन. दुकानात मिळणाऱ्या मॉडेलवरूनच बनवलेल्या, पण आतून पूर्ण रेससाठी घडवलेल्या. शक्ती पाचशे-सहाशे अश्वशक्ती, वजन तेराशे किलोंच्या आसपास. एका गाडीला तीन-चार चालक आळीपाळीने. कोरडं हवामान असेल तर जिंकणारी गाडी ५०० हून अधिक फेऱ्या मारते, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांपेक्षा जास्त. श्रीनगर ते कन्याकुमारी या महामार्गाच्या लांबीच्या जवळपास पोचणारं हे अंतर एका दिवस-रात्रीत, वळणावळणाच्या डोंगरी ट्रॅकवर कापलं जातं.

माझ्यासारख्या चाहत्याच्या डोक्यात ही जागा आधीच आकड्यांनी आणि नावांनी भरलेली असते. १९९१ साली मायकेल शूमाकर पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला तो इथेच. २००९ मध्ये फोर्स इंडियाच्या गाडीने इथेच पोल पटकावली आणि जियानकार्लो फिसिकेला शर्यतीत दुसरा आला, किमी रायकोनेनच्या मागे एका सेकंदाहूनही कमी अंतराने. घरच्यांच्या डोक्यात यातलं काही नसतं. कोण पुढे, कोण मागे, कुणाची पिटची वेळ झाली, याचा हिशेब त्यांना ठेवायचा नसतो. म्हणून समोर जे घडतंय ते त्यांना सरळ दिसतं आणि सरळ ऐकू येतं. माझं स्पष्ट मत आहे, की रेस पाहायला जाताना सोबत असा एक तरी माणूस हवा, ज्याला स्पर्धकांची नावं माहीत नाहीत.

पहिला धक्का चढाचा. ओ रूज नावाच्या छोट्या ओढ्यावरून ट्रॅक डावीकडे वळतो, लगेच उजवीकडे वळत रेदियोंच्या चढावर जातो, आणि माथ्यावर पुन्हा डावीकडे. ओढ्यापासून माथ्यापर्यंतची उंची साधारण ४० मीटर, म्हणजे दहा-बारा मजले. टीव्हीचा कॅमेरा लांबच्या भिंगातून दाखवतो तेव्हा हा चढ जवळजवळ सपाट होऊन जातो. प्रत्यक्षात खाली उभं राहून वर पाहिलं तर डांबराची भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं. बायको बराच वेळ तिथून हललीच नाही. "वर पोचल्याशिवाय त्यांना पुढचं काही दिसत नसेल ना?" तिने विचारलं. नसतंच दिसत. माथ्यावरचं वळण चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत आंधळं असतं. तळाशी गाडी दाबली जाते, माथ्यावर हलकी होते, आणि हे सगळं दोनशेच्या वर वेग असताना.

याच माथ्याच्या पुढे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान ह्युबेअर हा २२ वर्षांचा फ्रेंच चालक दगावला. त्यानंतर इथली मोकळी जागा वाढवली, कठडे मागे नेले, खडीचे पट्टे पुन्हा टाकले. सर्किटचा इतिहास असाच पुढे सरकला आहे. १९६६ मध्ये जुन्या ट्रॅकवर, पावसात, जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. तो पेट्रोलने भिजलेला, गाडीत अडकलेला. सोडवायला मार्शल नव्हते. दोन सहस्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला बाहेर काढलं. पुढे आयुष्यभर तो सुरक्षिततेसाठी भांडत राहिला. आज प्रत्येक वळणावर झेंडे आणि अग्निशामक घेऊन मार्शल उभे असतात, आणि त्यांतले बहुसंख्य स्वयंसेवक. चोवीस तास, उन्हापावसात. बायको गाड्यांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहत होती. मला ते पटलं. ती माणसं पाहण्यासारखीच आहेत.

रेदियोंच्या माथ्यापुढे केमेल नावाची लांब सरळ पट्टी लागते. दोन्ही बाजूंना झाडी. जीटी३ गाड्या इथे अडीचशेच्या आसपास वेग गाठतात. साठ-सत्तर गाड्या आणि एका फेरीला सुमारे २ मिनिटं २० सेकंद. म्हणजे सरासरी दर दोन सेकंदांना एक गाडी. आम्ही सगळ्यांनी कानांवर मफ चढवले होते. आई थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली, मग मफची एक बाजू किंचित सैल करून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, ह्या सगळ्या प-सा, प-सा करत चालल्यायत."

पट्टी वेगवेगळी होती, हेही तिनेच सांगितलं. एखादी उंच पट्टीत गाते, एखादी खर्जात घुमते. पण उतार तोच.

पट्टी का वेगळी, हे इंजिनात आहे. चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. लॅम्बोर्गिनीच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनात म्हणून एका फेरीला पाच स्फोट होतात. मिनिटाला ८,००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सुमारे ६६७ स्फोट. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक सलग उंच सूर ऐकू येतो. पोर्शेचं सहा सिलिंडरांचं इंजिन ९,००० फेऱ्यांवर सेकंदाला ४५० स्फोट करतं, म्हणून तिचा सूर खालचा. मर्सिडीजच्या ६.२ लिटरच्या आठ सिलिंडरांत स्फोटांचा क्रम दोन्ही बाजूंना समसमान पडत नाही, त्यातून ती घरघर येते जी छातीत जाणवते. टर्बो असलेल्या गाड्या त्या मानाने दबक्या, कारण धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूची बरीच ऊर्जा टर्बोचं पातं वाटेतच काढून घेतं. थोडा वेळ ऐकलं की डोळे मिटून गाड्या ओळखता येतात. रात्री तर तसंच ओळखावं लागतं.

आणि उतार तोच का, हे हवेत आहे. तीच दहा सिलिंडरांची गाडी घेऊ. ती जागेवर उभी असती, तर तिच्या दोन लागोपाठच्या स्फोटांचे आवाज हवेत एकमेकांपासून ५१ सेंटिमीटरवर पसरत गेले असते, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो आणि तेवढ्या वेळात ६६७ स्फोट होतात. पण गाडी उभी नाही. ताशी २४५ म्हणजे सेकंदाला ६८ मीटर. दोन स्फोटांच्या मधल्या निमिषात ती १० सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणून तिच्या पुढच्या बाजूला आवाजाच्या लाटा दाटतात, दोघींतलं अंतर ४१ सेंटिमीटर होतं. मागच्या बाजूला त्या विरळ होतात, अंतर ६१. गाडी येताना तुमच्या कानात दाट लाटा शिरतात, जाताना विरळ. ६१ आणि ४१ यांचं गुणोत्तर दीडपट. आणि पंचम म्हणजे षड्जाच्या बरोबर दीडपट कंपनसंख्या. वेग आवाजाच्या वेगाचा पाचवा हिस्सा झाला की हा हिशेब जमतो, आणि आवाजाच्या वेगाचा पाचवा हिस्सा म्हणजेच ताशी सुमारे २४५ किलोमीटर. केमेलच्या पट्टीवर जीटी३ गाड्यांचा वेग नेमका त्या आसपास असतो, हा निव्वळ योगायोग. पण काय योगायोग!

हे एकदा कळलं की सगळं सप्तकच वेगात मांडता येतं. ताशी ७२ किलोमीटरने जाणारं वाहन शुद्ध रिषभावरून षड्जावर उतरतं. १३६ ला शुद्ध गांधार. १७५ ला मध्यम. मग २४५ ला पंचम. फॉर्म्युला वनची गाडी केमेलच्या पट्टीवर ३३० च्या पुढे जाते; तिचा उतार धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. ज्याला सूर कळतो त्याला वेग मोजायला यंत्र लागत नाही.

यात अजून एक खुबी आहे, ती लेकीने शोधली. कुंपणाजवळ उभं राहिलं तर सूर एकदम तुटून खाली कोसळतो. ती खेळत खेळत मागच्या चढावर झाडांत गेली आणि तिथून ओरडली, की इथे आवाज हळूहळू घसरतो. बरोबर आहे. गाडी किती जवळून जाते यावर सूर किती झटकन उतरणार ते ठरतं. पुढच्या कुंपणाशी तो खटका असतो, मागे चढावर त्याची मींड होते. सुरुवातीचा आणि शेवटचा सूर मात्र दोन्हीकडे तेच. आणि गाडीत बसलेल्या चालकाला यातलं काहीच ऐकू येत नाही. त्याच्यासाठी इंजिनाचा सूर जिथल्या तिथे असतो. हे गाणं फक्त कडेला उभ्या असलेल्यांसाठी आहे.

ख्रिस्तियान डॉप्लरने हा विचार १८४२ मध्ये प्राग शहरात मांडला, तोही ताऱ्यांच्या रंगांबद्दल. त्याची परीक्षा घेतली शेजारच्या नेदरलँड्समध्ये, १८४५ साली, बॉइस बॅलॉट या शास्त्रज्ञाने. युट्रेख्टजवळच्या रेल्वेमार्गावर त्याने आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांचा कान तयार असलेले वादक उभे केले. आगगाडी येताना सूर किती चढा, जाताना किती उतरा, हे त्यांनी कानांनी सांगितलं. ताऱ्यांच्या रंगांबद्दलचा डॉप्लरचा अंदाज चुकला, आवाजाबद्दलचा खरा ठरला. वेगाचं हे मोजमाप पहिल्यांदा ज्यांनी केलं ते वाजवणारे आणि ऐकणारे होते, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही.

कानांबद्दल मात्र एक गोष्ट गंभीरपणे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, पण पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटं उरते. ट्रॅकच्या कडेला आवाज सहज तेवढा होतो. लहान मुलांना मफ घातल्याशिवाय तिथे नेऊ नये, मूल कितीही नको म्हणालं तरी. मफने आवाजाची तीव्रता कमी होते, सूर बदलत नाही. तेव्हा गमावण्यासारखं काही नाही.

रात्र झाली की ही शर्यत दुसरीच होते. आम्ही ला सूर्स या अगदी तीव्र वळणापाशी आलो. अंधारातून दिव्यांची जोडी येते, ब्रेक लागतो, आणि चाकाच्या आत एक तबकडी लाल होत जाते. "बाबा, चाकं पेटलीयत!" लेक किंचाळली. पेटलेली नव्हती. ती ब्रेकची लोखंडी तबकडी होती. कोणतीही वस्तू साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर तापली की स्वतःचा उजेड देऊ लागते, आधी अंधुक लाल, मग उजळ, मग नारिंगी. दिवसभरही ती तबकडी तशीच लाल होत होती. उन्हात ते आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच. वळण संपून गाडीने वेग घेतला की चाकात शिरणारी हवा तिला निववते आणि उजेड विझत जातो. पुढच्या वळणावर पुन्हा. रात्रभर.

एवढी उष्णता येते कुठून? गतीतून. चालक आणि पेट्रोल धरून चौदाशे किलोंची गाडी अडीचशेच्या वेगाने येते तेव्हा तिच्यात सुमारे ३४ लाख ज्यूल ऊर्जा असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वेग निम्मा केला की ऊर्जा निम्मी न होता पाव उरते. तीन चतुर्थांश टाकून द्यावी लागते. हवा थोडी खाते, बाकी बहुतेक सगळी चार तबकड्यांत जाते. जवळजवळ आठ लिटर गार पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ही ऊर्जा, आणि ती दोन-तीन सेकंदांत सोसायची. घरी गॅसवर तेवढ्या पाण्याला किती वेळ लागतो ते स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. टीव्हीवर ब्रेकिंग म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला घसरणारा आकडा असतो. इथे ती ऊर्जा डोळ्यांसमोर उजेड होऊन बाहेर पडते. रेसिंगमधली सगळ्यात देखणी गोष्ट कोणती असं विचाराल, तर मी ओव्हरटेक म्हणणार नाही. अंधारात लागलेला ब्रेक म्हणेन.

पावसाचं थोडक्यात सांगतो, कारण तो सांगून येत नाही. सर्किट डोंगरात, जंगलात, आणि वरच्या-खालच्या टोकांत शंभर मीटरचा फरक. एका बाजूला सर कोसळते आणि दुसऱ्या बाजूचा ट्रॅक ठणठणीत कोरडा. टायर कोणते लावायचे, हा तिथे जुगार असतो. २०२१ मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत इथे पावसानेच गिळली. सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि निम्मे गुण वाटून सगळे घरी गेले. रेनकोट आणि कोरडे मोजे न्यायचेच.

यासाठी बेल्जियमच गाठायला हवं असं नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे ३.७ किलोमीटरचं सर्किट १९९० पासून आहे आणि देशातल्या राष्ट्रीय शर्यती तिथे होतात. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करून पुढे गेलेली मुलं राष्ट्रीय स्पर्धांत उतरली आहेत. वेग कमी असेल तिथे उतार लहान मिळेल, एवढाच फरक. मुख्य स्टँडवर बसून राहू नका. जिथे गाड्या सर्वांत जोरात जातात तिथे आधी कान द्या आणि जिथे जोरात ब्रेक लावतात तिथे नंतर डोळे.

तेही जमत नसेल, तर जलद गाडी न थांबता जाते असं एखादं स्टेशन गाठा. गाणं शिकलेलं कुणी घरात असेल तर त्यांना बरोबर न्या. फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या बरेच मागे उभे राहा आणि भोंगा वाजवत येणारी गाडी ऐका. सूर कोमल गांधारावरून षड्जावर उतरला, तर ती ताशी ११० च्या वेगाने गेली. शुद्ध गांधाराच्या जवळून उतरला, तर १३० च्या आसपास.